तक्रारी शून्य

बत्रून,
शुक्रवार, दुपार

प्रिय जुमाना,

तुझ्या कंपनीची पेटी मिळाली. मागच्या आठवड्यात, बुधवारी, टाय लावलेला एक गृहस्थ ती गाडीतून घेऊन आला, चार ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या, कॉफीला नको म्हणाला आणि गेला. आपल्या उंबऱ्यात येऊन कॉफीला नको म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पेटी काळी आहे, बुटांच्या खोक्याएवढी. मी ती जोडलेली नाही. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे आणि तिच्यावर मी झातरची पानं वाळत घातलीयेत, कारण तिची पाठ चांगली सपाट आहे. सोबतच्या कागदात लिहिलंय की महिनाअखेरपर्यंत पेटी जोडली नाही तर वरून मला येणारी लाइन बंद होईल. म्हणजे आपल्या आळीतल्या दोनशे चौदा घरांना मी पुरवते ते इंटरनेट बंद. कागदाखाली ज्या विभागाचं नाव आहे तो तुझा विभाग आहे. सही तुझी नाही, एवढं मी चष्मा लावून दोनदा बघून घेतलं.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझ्या तिसऱ्या वाक्याला तू म्हणतेस, आई, तुला ते तांत्रिक कळत नाही. मग मी चिडते, मग तू मीटिंगला जातेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. तन्नूस उद्या सकाळी व्हॅन घेऊन बैरूतला येतोय, तो तुझ्या हातात देईल. त्याच्याबरोबर लिंबाच्या सरबताची बाटली आणि तुझी निळी शाल पण आहे. बाटली आडवी ठेवू नकोस.

इथे सगळं ठीक. सरकारी वीज दोन तास येते, कधी येते ते तिचं तिलाच माहीत. बाकी वेळ अबू फादीचा जनरेटर आणि अबू फादीची मिजास. गच्चीवरच्या केबलांवर या वर्षी कबुतरांनी उच्छाद मांडलाय. माझा गुडघा दुखतो, पण जिने चढते. मंगळवारी या पेट्यांबद्दल सरकारी समितीपुढे सुनावणी आहे आणि कंपनीतर्फे तू बोलणार आहेस, ही बातमी आळीत माझ्या आधी अबू फादीला कळली. त्याने ती जनरेटरपेक्षा मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितली. लोक मला अभिनंदन म्हणतात. मी थँक्यू म्हणते आणि पुढे जाते.

ईस्टरला आली होतीस तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर संत्र्याच्या साली मांडून सगळ्यांना समजावून सांगितलंस, आठवतं? ही साल म्हणजे रस्ता. रस्ता तेवढाच, गाड्या वाढल्या. मग रुग्णवाहिकेला वाट द्यायची तर मालाचे ट्रक थोडे थांबवायला नकोत का? लोक दिवसभर फुकटचे व्हिडिओ कॉल लावून बसतात, सिनेमे बघतात, त्यांना जरा हळू केलं तर बँकेचं, इस्पितळाचं, शाळेचं काम सुरळीत चालेल. आणि ज्याला कॉल वेगाने हवेत त्याने कुटुंब पॅकेज घ्यावं. अबू फादी मान डोलावत होता. तो कशालाही मान डोलावतो. मी गप्प बसले होते, आणि तुला वाटलं मला पटलं. तुझ्या आयुष्यात मी किती वेळा गप्प बसलेय, सांग बरं? तिथेच तुला शंका यायला हवी होती.

आता ऐक. लाइन लहान आहे, हे मला तू सांगायला नको. वीस वर्षं ती लहान लाइन मी दोनशे घरांना पुरवून खाल्लीय. संध्याकाळी वीज आली की सगळे एकदम तुटून पडतात, तेव्हा मीही आवरतेच. पण मी काय करते? प्रत्येक घराला सारखा वाटा देते. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा दर घरी एक पिंप मिळतं ना, तसं. त्या पिंपात कोणी भांडी घासेल, कोणी पाय धुवेल, कोणी गुलाबाला घालेल. मी झाकण उघडून बघायला जात नाही. तुमची पेटी झाकण उघडते. कुणाच्या घरी काय चाललंय ते बघते आणि ठरवते, हे महत्त्वाचं, हे फालतू. आणि फालतू ठरवलेलं पुन्हा वेगाने हवं असेल तर पैसे द्या म्हणते. आधी माणसाचे पाय बांधायचे आणि मग त्याला कुबड्या विकायच्या, याला तुम्ही वाहतुकीची शिस्त म्हणता. मला इंजिनीअरिंग कळत नसेल, धंदा मला कळतो.

तुझे बाबा असते तर त्यांनी त्या टायवाल्याला पेटीसकट समुद्र दाखवला असता. पहिली केबल त्यांनी कशी ओढली ते तुला ठाऊक आहे. चर्चच्या मागच्या गच्चीवरून आपल्या गच्चीवर, कमरेला कपडे वाळत घालायची दोरी बांधून. मी खाली उभी राहून शिव्या घालत होते. तेव्हा त्यांनी एक नियम केला, तो अजून चालू आहे. तक्रार फोनवर घ्यायची नाही. ज्याचं नेट बंद पडेल त्याने आपल्या बाल्कनीखाली येऊन हाक मारायची. हाक आली की मी वरून टोपली सोडते, राउटर बिघडला असेल तर ते त्यात ठेवतात, मी वर ओढून घेते, दुरुस्त करून परत सोडते. नुसत्या आवाजावरून मी सांगते कुणाचं घर आणि कुठला खांब. तुमच्या कंपनीत तक्रार करायला फोन लावला की संगीत वाजतं. माझ्याकडे कान आहेत, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलेय. तो तोरा मला कसा भोवला, ते आता सांगते. चार वर्षं मी हे तुझ्यापासून लपवलंय.

चार वर्षांपूर्वीचा जून आठव. तुझं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. इथे शिक्षकांचा संप लांबला होता, मुलांच्या शालान्त परीक्षा तोंडावर आल्या होत्या, आणि उजळणीचे वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ फोनवर भरत होते. आया रोज बाल्कनीखाली येऊन ओरडत होत्या. गुरुजींचा चेहरा थिजतो, गणित अर्ध्यात राहतं, पलीकडच्या गल्लीतले टोणगे फुटबॉल बघतात म्हणून आमच्या पोरांचं वर्ष बुडायचं का? मी तुला फोन केला. म्हटलं, मला काहीतरी असं करून दे की संध्याकाळी चित्रवालं सगळं हळू होईल, शाळेचे वर्ग तेवढे सोडून. तू शनिवारी आलीस, सोफ्यावर पाय घेऊन बसलीस, अर्ध्या तासात नियम लिहून दिलास आणि उठून पोहायला गेलीस. मला काय अभिमान वाटला होता. सांगितलं मी, लिहिलंस तू. हे पुन्हा वाच, कारण मी पुढे जे सांगणार आहे त्यात मला माझ्या वाट्याचं कमी करायचं नाही.

अकरा दिवस तो नियम चालला. वर्ग लोण्यासारखे चालले. आया खूश. फुटबॉलवाले दोन दिवस कुरकुरले, मग आपणहून कॅफेत जाऊन बसले. बाल्कनीखाली एकही हाक आली नाही. अकरा दिवसांत एकही नाही, असं आधी कधी झालं नव्हतं. मी संध्याकाळी खुर्ची टाकून बाल्कनीत बसायचे, बिया सोलत, आणि मनात म्हणायचे, नुहाद, जिंकलीस.

आता वदादमावशी. तुला ती नव्याने सांगायला नको, तिने शिवलेल्या फ्रॉकांत तू वाढलीस. तिच्या दुकानात मशीनखाली बसून तू चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस. तुला बोलवायचं असलं की ती करंगळी गालाला लावायची, तुझ्या खळीची खूण. तिला आणि तिच्या जुळ्या बहिणीला, हन्नेला, जन्मापासून ऐकू येत नाही. त्या काळी या गावात बहिऱ्या मुलींना शाळेत कोण घालतंय? दोघींना लिहिता-वाचता येत नाही. पण दोघींनी पाळण्यात असल्यापासून हातांची एक बोली केली होती, ती जगात त्या दोघींनाच पुरी येत होती. आई-बापाला अर्धी यायची. बाकी गावाशी वदाद ओठ बघून आणि खुणा करून भागवते. भाची मार्लीन आज वदादसाठी बोलते, ती म्हणते मलाही पाऊणच येते. हन्ने लग्न होऊन माँट्रियलला गेली आणि कित्येक वर्षं त्या दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. फोन काय कामाचा, पत्र काय कामाचं? मग चित्र दाखवणारे फोन आले. तुझ्या बाबांनी वदादच्या घरी केबल नेली तेव्हा एक पैसा घेतला नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला, तिकडे दुपार असताना, दोघी भिंतीला फोन टेकवून दोन-दोन तास बोलायच्या. तुमच्या यादीत याचं नाव फुकटचा व्हिडिओ कॉल.

त्या जूनमध्ये हन्ने इस्पितळात होती. हृदयाचं काहीतरी. ऑपरेशन करायचं की नाही यावर डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. मला हे माहीत नव्हतं. जुमाना, मला हे माहीत नव्हतं, कारण वदाद कधी कुणाला आपलं सांगत बसत नाही. त्या दिवसांत ती रोज सातला फोन टेकवून बसायची आणि समोर हन्नेचा हात छातीपाशी येऊन थांबायचा. मग चित्र पुसट व्हायचं. पुन्हा हलायचं तेव्हा हात भलतीकडेच असायचा आणि मधलं सगळं गेलेलं. तुझ्या-माझ्या बोलण्यातला एखादा शब्द गळला तर आपण अंदाजाने जोडतो. त्यांच्या बोलण्यात हात कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हेच बोलणं असतं. वदादला वाटलं आपला फोन जुना झाला. ती तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली, तो म्हणाला फोनला काही झालेलं नाही. मग ती फोन घेऊन गच्चीवर चढायची, आभाळाकडे धरून उभी राहायची. मी तिला माझ्या बाल्कनीतून पाहिलंय. मला वाटलं कपडे काढायला आलीय. मी हात हलवला. तिने पण हलवला.

ती बाल्कनीखाली आली नाही. कशी येणार? आमच्याकडे तक्रार हाक मारून करायची असते. तिला हाक मारता येत नाही. तुझे बाबा होते तोवर तिच्या लाइनला काही झालंय का ते दुकानावरून जाता-जाता स्वतः डोकावून बघायचे. ते गेल्यावर ते डोकावणं पण गेलं, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी कान उघडे ठेवून बसले होते आणि मला वाटत होतं सगळी आळी सुखात आहे.

हन्ने दहाव्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी उजळणीचे वर्ग संपले आणि मी नियम काढून टाकला. त्याच सकाळी चर्चच्या भिंतीवर तिच्या मृत्यूचा कागद लागला होता. मी दुपारी काळे कपडे घालून वदादकडे गेले. कडू कॉफी फिरत होती, बायका ओळीने बसल्या होत्या. वदादने माझा हात धरून मला शेजारी बसवून घेतलं आणि मला करून दाखवलं. हात छातीपाशी आणला आणि तिथेच धरून ठेवला, कितीतरी वेळ. मग मार्लीनकडे बघून काही विचारलं. मार्लीन म्हणाली, मावशी सगळ्यांना हेच विचारतेय. शेवटचे काही दिवस हन्नेमावशी रोज एकच गोष्ट सांगायचा प्रयत्न करत होती, हात इथून पुढे काही दिसलाच नाही. मी विचारलं, केव्हापासून असं होतंय? तिने तारीख सांगितली. तू ज्या शनिवारी सोफ्यावर पाय घेऊन बसली होतीस, ती तारीख. मी कॉफीचा कप तसाच खाली ठेवला.

मी उठले. घरी आले, दार लावून घेतलं आणि तुझ्या बाबांच्या फोटोसमोर बसून रडले. वदादला सांगितलं नाही कारण मला तिची भीती वाटली. तुला सांगितलं नाही कारण त्याच आठवड्यात तू नाचत घरी आली होतीस. तू तो नियम आपल्या प्रकल्पात घातला होतास, प्राध्यापकांनी पाठ थोपटली होती, आणि पुढे त्याच प्रकल्पावर तुला ही नोकरी लागली. आळीभर मी बकलावा वाटला. वदादला पण दिला, बाई. तिने माझ्या गालाचा मुका घेतला. त्या मुक्यावर मी चार वर्षं झोपलेली नाही, असं म्हटलं तर तू म्हणशील आई नाटकी आहे. झोपते मी. पण तिच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलते.

आणखी चार वर्षं पण मी गप्प बसले असते. माझ्या भित्रेपणाला काही तळ नाही. पण पेटीबरोबर तुमची ती गुळगुळीत पुस्तिका आली, समितीला दिलेली. नववं पान. उत्तर किनाऱ्यावरचं एक लहान गाव, दोनशे चौदा घरं, संध्याकाळच्या वेळी चित्रवाहतूक मंद ठेवण्याचा अकरा दिवसांचा प्रयोग. शाळेचे वर्ग शंभर टक्के सुरळीत. आणि खाली जाड अक्षरांत, चौकटीत, तक्रारी शून्य. मी ते उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. अख्ख्या देशातल्या लोकांचे कॉल मंद करायचे, आणि त्याला पुरावा कुठला, तर माझी बाल्कनी. माझ्या कानांना ऐकू आलं नाही म्हणून देशात कुणाला दुखलं नाही, असं तुम्ही छापलंत. ते तू खोटं लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. तुला मीच तसं सांगितलं होतं. पण ते खोटं आहे.

त्या संध्याकाळी मी मार्लीनला घेऊन वदादच्या दुकानात गेले. ती माझ्याच झग्याचं कापड बेतत होती. मी सगळं सांगितलं, नियम कुणी मागितला, कुणी लिहिला, कुठल्या तारखेला लावला, कधी काढला. मार्लीनने हातांनी सांगताना काही गाळलं नाही. वदाद माझ्याकडे बघतच नव्हती, मार्लीनच्या हातांकडे बघत होती. सगळं झाल्यावर तिने एकच विचारलं, तेव्हाच का सांगितलं नाहीस? मी म्हटलं, घाबरले. तिने टेबलावरचं माझं कापड उचललं, नीट घडी केली आणि न शिवताच माझ्या हातात ठेवलं. मग दिवा मालवला. दुकान उघडल्यापासून सात वाजायच्या आत तिने दिवा मालवलेला कुणी पाहिला नव्हता.

चार दिवस काही नाही. मी समजले, संपलं. पाचव्या दिवशी दारावर थाप पडली. मार्लीनला पुढे घालून वदाद तीन मजले चढून आली होती, घामाने निथळत. मी खुर्ची दिली, तिने घेतली नाही. कॉफी विचारली, नको म्हणाली. तिने ती पुस्तिका मागितली, नववं पान उघडलं, त्या शून्यावर बोट ठेवलं आणि हातांनी जे म्हणाली ते मार्लीनने जसंच्या तसं सांगितलं: “माझी तक्रार लिहून घे. आणि ज्यांनी हे शून्य लिहिलंय ते कुठे बसतात ते मला दाखव.”

मग मी लिहून घेतली. वीस वर्षांत कागदावर घेतलेली पहिली तक्रार, तारखेसकट. तेव्हापासून माझ्यात काहीतरी सरळ झालंय बघ. वरच्या आळीच्या जिर्यसकडे गेले, बंदराकडच्या दोघा भावांकडे गेले. आम्ही चौघेही इंटरनेट पुरवणारे, एरवी एकमेकांच्या केबली कापायला टपलेले. चौघांनी एका टेबलावर बसून ठरवलं की पेट्या जोडायच्या नाहीत. लाइन तोडायची तर तोडा म्हणावं. नऊशे घरं एकदम तोडलीत तर नऊशे घरांना तोंड तुमच्या टायवाल्याने द्यावं. आम्ही दुसरीकडून लाइन आणू, दोन महिने कमी वेगात काढू, पण ज्याला जे बोलायचं ते त्याने आपल्या वाट्यात बोलावं. माझ्या गच्चीवरून जाणाऱ्या तारेत कुणाचं बोलणं महत्त्वाचं हे आता मी ठरवणार नाही, आणि तूही नाही. एकदा ठरवून बघितलंय मी, जुमाना. चांगल्या मनाने, मुलांच्या भल्यासाठी. त्याहून चांगलं कारण तुमच्या कंपनीकडे नाही, आणि त्या चांगल्या कारणाने काय केलं ते मी पाहिलंय.

आणि आता रोज सातला मी वदादच्या दुकानाकडे एक चक्कर मारते, काही बिघडलंय का बघायला. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मान हलवते. माझं कापड अजून माझ्याकडेच आहे.

हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. सुनावणीला सामान्य माणसांनाही बोलता येतं, फक्त आधी नाव द्यावं लागतं. मी दोन नावं दिलीत. माझं आणि वदादचं. मार्लीन दुभाषी म्हणून येणार आहे. मंगळवारी दहा वाजता तू कंपनीच्या बाजूला बसशील आणि समोरच्या पहिल्या बाकावर आम्ही तिघी असू. हे तुला भर सभेत पहिल्यांदा कळावं असं मला वाटलं नाही, एवढंच. मी तुझी आई आहे, मला तुला पाडायचं नाही. पण तुझी आई आहे म्हणून मी घरीही बसणार नाही. नववं पान तुझ्या हातात आहे. ते तू स्वतः काढून टाकलंस, उठून म्हणालीस की हा आकडा चुकीचा आहे, तर माझ्यासारखी गर्वाने फुगलेली बाई अख्ख्या लेबनॉनमध्ये सापडणार नाही. नोकरी गेली तर घरी ये, गच्चीवर कामाला माणूस हवंच आहे. नाही काढलंस तरी आम्ही येतोच. तू त्या चौकटीपाशी पोहोचलीस की वदाद उभी राहील आणि तुला विचारेल की माझी बहीण काय सांगत होती. मी तिला समजावून पाहिलं की याचं उत्तर कुणाकडेच नाही. ती म्हणाली, तेच त्यांनी मला तोंडाने सांगायला हवं. तेव्हा उत्तर देताना कागदात बघू नकोस, समितीकडे बघू नकोस. तिच्याकडे तोंड करून बोल. ती ओठ वाचते.

तुझीच, आणि मंगळवारी तुझ्या समोरच्या बाकावर,
आई